कालपर्यंत तर नीट चालत होता

उमेदीची सगळी वर्षं मी लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात घालवली, आणि त्या सगळ्या वर्षांत एक वाक्य ऐकलं नाही असा दिवस गेला नाही. "कालपर्यंत तर नीट चालत होता हो!" काल चालला म्हणजे आज चालणं हे त्याचं कर्तव्यच आहे, अशा सुरात गिऱ्हाईक हे म्हणायचं. मी म्हणायची, "अहो, बिघडायच्या आधी सगळंच नीट चालत असतं." पुण्यात असं उत्तर दिलं की गिऱ्हाईक रागावत नाही. उलट बाई जाणकार दिसतात असं त्याला वाटतं.

दुकानाचं शटर कायमचं ओढल्यापासून आमच्या शेजारच्या बाई मागे लागल्या होत्या. त्या एका दिवाळी अंकाचं काम बघतात. "तुमच्या व्यवसायावर लिहा, पण फार तांत्रिक नको," म्हणाल्या. म्हणजे आमटी करा, पण डाळ घालू नका. जमेल तेवढी पातळ करते.

मी खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढले. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. घरचा पंखा बिघडला तरी ते आधी हात मागे बांधून नुसते बघत उभे राहायचे. आई वैतागायची, "अहो, बघून काय तो फिरणार आहे का?" वडील म्हणायचे, "हात लावायची घाई करणारा माणूस आमच्याकडे टिकत नाही." मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, काही वर्षं एका कारखान्यात काढली आणि घरोघर कॉम्प्युटर यायला लागले तेव्हा कर्वेनगरात एक गाळा घेऊन बसले. त्या दिवसांत पुण्यात ज्याला त्याला कॉम्प्युटर हवा होता. मुलगा अमेरिकेला गेला की घरी कॉम्प्युटर, मुलगी दहावीला गेली की कॉम्प्युटर. तपकीर गल्लीतून सुटे भाग आणायचे, जोडायचे आणि स्कूटरच्या पायापाशी ठेवून पोचवायचे. दार उघडणारा माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघायचा, इंजिनिअर कुठे आहेत म्हणून. "मीच," म्हटलं की, "हो का? बरं, चपला बाहेर काढा." एवढंच स्वागत.

आता धंद्यातली मुख्य गोष्ट सांगते. पूर्ण मेलेलं मशीन दुरुस्त करणं सोपं असतं. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, तर एकेक भाग बदलून बघायचा, कुठेतरी जीव येतोच. खरा छळ होतो तो अधूनमधून बिघडणाऱ्या मशीनचा. ते घरच्यांसमोर बंद पडतं आणि मी गेले की शहाण्या मुलासारखं चालतं. डॉक्टरच्या दारात पाऊल टाकलं की पोटदुखी थांबते, तसा प्रकार. घरचे ओशाळतात, आणि मी निघाले की जिना उतरेपर्यंत पुन्हा हाक येते. अशा वेळी मशीन उघडण्याआधी एकच प्रश्न विचारायचा असतो. आधी नीट चालत होता, मग मधे बदललं काय?

याचं उत्तर लोक कधीच धड देत नाहीत. मुद्दाम नाही. ज्याला ते बदल समजतात आणि मशीन ज्याला बदल समजतं, त्यात फार अंतर असतं. शनिवार पेठेतल्या एका चार्टर्ड अकाउंटंटचा कॉम्प्युटर दसऱ्यानंतर घरघरायला लागला आणि दर थोड्या वेळाने आपोआप बंद पडू लागला. मी विचारलं, "मधे काही केलंत का?" "छे! हातही लावला नाही." उघडून बघते तर आतल्या पंख्यात झेंडूची पाकळी, जाळीत कुंकवाचा थर आणि पात्यांपाशी अक्षता. खंडेनवमीला त्यांच्या सौभाग्यवतींनी यंत्राची यथासांग पूजा केली होती. फुलाने पाणीसुद्धा शिंपडलं होतं. "अहो, हे काय?" म्हटलं तर ते म्हणाले, "पूजा होय? ती तर आपण करतोच." पंख्याची हवा कोंडली, मशीन तापलं, बंद पडलं. पण पूजा हा काही बदल नव्हे. तेव्हापासून दसऱ्याच्या आठवड्यात मी मऊ ब्रश पर्समध्येच ठेवायची आणि कुंकवाच्या कॉम्प्युटरांची वाट बघायची.

हे हसण्यावारी नेण्यासारखं झालं. पण याच प्रश्नापायी एक मुलगी पुण्यातून परत जायच्या बेतात होती. ती गोष्ट मी आजवर कुणाला धड सांगितली नाही.

तिचं नाव सुजाता. भंडाऱ्याकडची. वडील तिकडे प्राथमिक शाळेत शिक्षक. ती आली तेव्हा पुण्यात मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन नावाचं नवंच काम निघालं होतं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाले की त्याची माहिती आवाजात नोंदवून ठेवायचे. तो आवाज टेलिफोनच्या तारेतून इकडे यायचा, आणि इथल्या मुली कानाला हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलने आवाज पुढेमागे करत ते सगळं टाईप करून परत पाठवायच्या. ठरलेल्या वेळेत. उशीर म्हणजे गुन्हा. सुजाता हे काम शिकली, आणि नगर रोडकडच्या एका कंपनीने तिला उमेदवारीवर घरबसल्या काम दिलं. कॉम्प्युटर मीच जोडून दिला होता. ती एरंडवण्यातल्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर मालतीकाकूंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहायची. काकू एकट्या. मुलगा परदेशी. घरात कुणीतरी असावं म्हणून त्यांनी मागची खोली तिला दिली होती.

पहिले काही महिने सगळं उत्तम चाललं होतं. काकू तिला गरम पोळी वाढायच्या, ती त्यांना मुलाची ई-मेल वाचून दाखवायची आणि काकू सांगतील ते उत्तर टाईप करून द्यायची. मी मोडेम बसवायला गेले तेव्हा काकू मला म्हणाल्या होत्या, "मुलगी गुणाची आहे हो. घरात बोलायला माणूस झालं." मॉनिटरवर सुजाताने बुद्धाची लहानशी मूर्ती ठेवली होती. काकू तिच्यापुढे रोज एक फूल ठेवायच्या.

उन्हाळ्यात एक दिवस तिचा फोन आला. "मॅडम, मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होऊन राहिलं. केलेलं काम उडून जाते."

मी गेले. तासभर बसले. मशीन ठणठणीत. पुन्हा फोन आला, पुन्हा गेले, पुन्हा ठणठणीत. तरी मी आतला वीजपुरवठ्याचा डबा बदलला, कारण अचानक बंद पडणाऱ्या मशीनमध्ये पहिला संशय त्याचा. मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासून बसवली. तिला विचारलं, "काही बदललं का? नवीन प्रोग्रॅम? जागा हलवली?" "नाही मॅडम." काकूंना विचारलं, "घरात काही बदल? वायरिंग, फ्रीज, काही नवीन आणलंत?" काकू म्हणाल्या, "काही बदललं नाही हो. आमच्याकडे काय बदलणार?"

तिसऱ्यांदा गेले तेव्हा सुजाता दारातच उभी होती. डोळे सुजलेले. म्हणाली, "मॅडम, तुम्ही खरं सांगा, तुमचा विश्वास आहे ना माझ्यावर? कंपनीत म्हणतात, ही रोज नवीन बहाणा सांगते. मी खोटं नाही बोलून राहिली."

"अगं, विश्वास नसता तर तिसऱ्यांदा आले असते का? बस आधी, आणि सगळं सांग."

मग तिने सगळं सांगितलं. काम वेळेत न गेल्यामुळे कंपनीतल्या बाईंनी तिला शेवटची ताकीद दिली होती. यापुढे एकदा जरी फाइल उशिरा आली, तर पुन्हा काम मिळणार नाही. काम गेलं तर घरून वडील न्यायला येणार होते. त्यांनी तिला पाठवलं होतं तेच भाऊबंदांशी भांडून. तिकडे एक स्थळ बघून ठेवलं होतं, आणि एकदा परत गेलं की पुन्हा पुणं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि आदल्या दिवशी मालतीकाकूंनीसुद्धा तिला महिनाअखेर दुसरी जागा बघायला सांगितलं होतं.

"काकूंनी? का?"

"सोसायटीचे चेअरमन येऊन गेले. खाली सगळ्यांचे लाईट डिम होतात, फ्यूज उडतात. ते म्हणाले, हिचा कॉम्प्युटर आल्यापासूनच होऊन राहिलं. काकू काहीच बोलल्या नाहीत जी. नुसत्या मान हलवून राहिल्या."

ते काकूंचं मान हलवणं तिला फार लागलं होतं. कंपनीबद्दल ती चिडून बोलत होती, काकूंबद्दल बोलताना तिचा आवाजच बसला.

निघताना फाटकाशी चेअरमन भेटले. निवृत्त गृहस्थ, इस्त्रीचा सदरा, हातात किल्ल्यांचा जुडगा. मला म्हणाले, "तुम्हीच का त्या कॉम्प्युटरवाल्या बाई? तो डबा जरा तपासा. दिवसभर चालू असतो. आमची इमारत काही कारखाना नाही."

"साहेब, तो दोन बल्बांइतकी वीज खातो. त्याने फ्यूज उडत नाही."

"मग आधी का उडत नव्हता? आधी सगळं व्यवस्थित होतं. ही मंडळी आली आणि सुरू झालं."

"ही मंडळी म्हणजे?"

"म्हणजे तिकडची," ते म्हणाले आणि किल्ल्या खुळखुळवत वर गेले. तिकडची म्हणजे कुठली ते त्यांनी सांगितलं नाही, पण मला समजायचं ते समजलं.

घरी येताना मी स्वतःशीच चरफडत होते. चिडण्याचं आणखी एक कारण होतं. त्यांनी विचारलेला प्रश्न माझाच होता. आधी नीट होतं, मग बदललं काय? आमच्या धंद्यातसुद्धा नवशिके असंच करतात. मशीनमध्ये सगळ्यात शेवटी बसवलेला भाग उपटून काढतात, आणि बऱ्याचदा तो बिचारा चांगला असतो. नवीन आहे एवढाच त्याचा दोष. मशीन तेवढ्याने सुधारत नाही, मग नवशिका गोंधळतो. इथे मात्र मुलगी निघून गेली असती, आणि नंतर दिवे मंदावले असते तरी कुणी तिला परत बोलवायला जाणार नव्हतं.

रात्रीच्या जेवणात नवऱ्याला सगळं सांगत होते. तो म्हणाला, "रोज बंद पडतं का?" "नाही, एखादा दिवस जातो चांगला." "आणि तू जातेस तो दिवस नेमका चांगला?" तो चेष्टेत म्हणाला, "तुलाच घाबरतंय बहुतेक." मी हसले, पण माझं डोकं तिथेच अडकलं. खरंच, माझी प्रत्येक खेप नेमकी चांगल्या दिवशी कशी? मी त्या भागात जायचे तेच मुळी आमच्याकडे पाणी नसेल त्या दिवशी. खडकवासल्याचं पाणी आटलं म्हणून तेव्हा शहरात एक दिवसाआड पाणी सोडत होते. कर्वेनगरात पाणी यायचं त्या दिवशी सकाळी मी भांडी भरत घरी असायची, आणि बाहेरची कामं कोरड्या दिवशी ठेवायची. एरंडवण्यातही पाणी त्याच दिवशी येत होतं.

पाण्याचा आणि कॉम्प्युटरचा संबंध काय, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. पण पुढच्या पाण्याच्या दिवशी घरच्या घागरी नवऱ्यावर सोपवून मी सकाळीच सुजाताच्या खोलीत जाऊन बसले. तो मोठे सुस्कारे टाकत तयार झाला.

सुजाता काम करत होती. त्या दिवशीच्या फाइली दुपारी बाराच्या आत जायच्या होत्या, आणि हीच ती शेवटच्या ताकिदीनंतरची पहिली खेप होती. मी हात मागे बांधून खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि नुसती बघत राहिले. मशीनकडे नाही. पंखा, ट्यूब, भिंत, खिडकी. स्वयंपाकघरात काकूंची भांड्यांची लगबग ऐकू येत होती. नळाला पाणी आलं होतं, पण धार अगदी करंगळीएवढी असावी, कारण काकू नळाला शिव्या घालत होत्या.

मग एकदम ट्यूब फडफडली. पंखा क्षणभर दमल्यासारखा झाला. आणि मॉनिटर काळा.

"आई गं!" सुजाता ओरडली. "बघा मॅडम! बघा! झालं!" ती रडायच्या ऐवजी हसायलाच लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी दुसऱ्याने ते बघितलं होतं.

मशीन पुन्हा चालू होईपर्यंत मी कान टवकारले. भिंतीपलीकडून बारीक घूं असा आवाज येत होता. मघापर्यंत तो नव्हता. मी काकूंच्या मागच्या गॅलरीत गेले. धुण्याच्या दगडामागे गोणपाट टाकलेलं होतं, आणि गोणपाट थरथरत होतं. उचललं तर खाली नवी कोरी मोटर. तिचा पाईप सरळ बाहेर, महापालिकेच्या नळाच्या लाइनला जोडलेला. आणि तिची तार काकूंच्याच बाथरूममधल्या गीझरच्या पॉइंटमध्ये खुपसलेली. समोर चेअरमन पाईप धरून उभे.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. महापालिकेच्या लाइनला थेट मोटर लावून पाणी ओढायला बंदी आहे. पाणी कमी झालं की पुण्यात निम्म्या सोसायट्या ते करतात आणि उरलेल्या निम्म्या करणाऱ्यांना नावं ठेवतात. म्हणून मोटर अशी लपवून बसवायची, आणि सोसायटीच्या मीटरवर तार घ्यायची नाही, कारण कुणी तपासायला आलं तर आधी तिथेच बघतं. मग घ्यायची कुठून? जवळात जवळ मालतीकाकूंचं गॅलरीचं दार. तिथून. मोटर सुरू होताना एकदम मोठा हिसका देऊन वीज ओढते. त्या जुन्या वायरिंगला ते झेपत नव्हतं, तेवढ्या क्षणात विजेचा दाब खाली जायचा आणि कॉम्प्युटर बंद. पाण्याऐवजी नुसती हवा आली की चेअरमन मोटर बंद करायचे, पाणी आलं की पुन्हा चालू. दर वेळी सुजाताची एक फाइल जायची.

"हे कधी बसवलंत?" मी विचारलं.

"हळू बोला," चेअरमन म्हणाले.

काकू मागून हात पुसत आल्या. मी त्यांच्याकडे वळले. "काकू, मी तुम्हाला विचारलं होतं ना, घरात काही बदललं का?"

"अहो, हे म्हणजे पाण्याचं," काकू म्हणाल्या. "कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. आणि त्याचा कॉम्प्युटरशी काय संबंध?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरोखरच संबंध दिसत नव्हता. माझं मात्र डोकं फिरलं. मी वाकून गीझरच्या पॉइंटमधून मोटरची पिन उपटली. घूं थांबलं.

"अहो बाई, हे काय करताय?" चेअरमन ओरडले. आता हळू बोलायचं ते विसरले. "अख्ख्या इमारतीचं पाणी आहे! अर्ध्या तासात नळ जाईल. टाकी अर्धीसुद्धा भरली नाही."

"त्या मुलीची फाइल जायची आहे."

"फाइल काय, उद्या पाठवा!"

"उद्या तिची नोकरी नसेल."

"म्हणजे एका पोरीपायी सगळ्या बिऱ्हाडांनी बिनपाण्याचं राहायचं?"

पाणी हीसुद्धा काही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. वरच्या मजल्यांवर तान्ही बाळं होती, म्हातारी माणसं होती. पण त्यांची मोटर दुसऱ्या कुठल्याही घरातून चालली असती. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या घरातून तार टाका. पहिला मजला, लांब नाही. तोपर्यंत ही पिन माझ्या हातात राहील. नाहीतर महापालिकेला फोन करून विचारू या का, कनेक्शन कुठून घेतलेलं चालेल ते?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पुण्याच्या दिसता."

"खडकीची."

ते वर गेले. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून लांबलचक तार सोडली गेली, पण ती आणेपर्यंत, पिन बसवेपर्यंत बराच वेळ गेला आणि पाणी गेलं ते गेलंच. त्या दिवशी टाकी अर्धीच भरली. नंतर म्हणे वरच्या मजल्यांवर माझ्या नावाने बरीच लाखोली वाहिली गेली. वाहोत बापडे.

आत सुजाता टाईप करत होती. तिला बाहेर काय चाललंय ते सगळं ऐकू आलं होतं, पण तिने हेडफोन काढला नाही. पाय पेडलवर, नजर पडद्यावर. गेलेला मजकूर तिने पुन्हा पहिल्यापासून केला. मी गॅलरीच्या दारात स्टूल टाकून राखणीला बसल्यासारखी बसले. काकूंनी मला चहा आणून दिला. सुजाताला विचारायची त्यांची हिंमत झाली नाही, कप तिच्या टेबलाच्या कडेला ठेवून त्या आल्या. बारा वाजायला थोडा अवकाश असताना मोडेम किरकिरला, फाइली गेल्या. तिने हेडफोन काढला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मोठा श्वास सोडला. मीसुद्धा तेव्हाच श्वास सोडला.

मग मी तिच्यासमोर फोनवरून कंपनीतल्या बाईंना सगळं समजावून सांगितलं. मोटर, वीजदाब, एक दिवसाआड पाणी. त्या पलीकडून म्हणाल्या, "अहो मॅडम, आमच्याकडे आणखी दोन मुली असंच सांगतात. आम्हाला वाटलं, एकमेकींचं ऐकून सांगतायत." त्यांनी त्या दोन मुलींचे पत्तेही मला दिले. त्यातल्या एकीकडे खरंच मोटर निघाली, दुसरीकडे सैल झालेला प्लग.

सुजाताची नोकरी टिकली. पुढे ती कायम झाली, आणि काही वर्षांनी खराडीच्या एका मोठ्या ऑफिसात तिच्या हाताखाली मुली काम करू लागल्या. आता मजकूर तपासायला यंत्र बसवतात म्हणे, तिचं कामही बदललं. तिच्या लग्नाला मी गेले होते. नवरा तिने स्वतः निवडला. वडील माझा हात धरून म्हणाले, "तुम्ही तिची मशीन सुधारून दिली."

पण सांगायचं आहे ते वेगळंच. मोटरची तार हलली त्या आठवड्यानंतर काकूंनी सुजाताला सांगितलं, "आता तू कुठे जायचं नाहीस हो. राहा इथेच. मी चेअरमनना सांगितलं आहे, मुलगी राहणार." सुजाता म्हणाली, "नाही काकू. खडकीला एका मैत्रिणीसोबत खोली बघितली आहे." आवाजात राग नव्हता. पाया पडली, महिन्याचा हिशेब चुकता केला, सायबर कॅफेतून मुलाला लिहायच्या ई-मेलची रीत एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली. काकूंना ती वाचता येईल की नाही याची काळजी करत होती.

कॉम्प्युटर हलवायला मीच गेले. सुजाता रिक्षा आणायला कोपऱ्यावर गेली होती. मी खाली बसून केबली सोडवत होते, आणि काकू खोलीच्या दारात उभ्या होत्या. हातात देवासमोरचं फूल होतं, रोजच्या सवयीने आणलेलं, आणि मूर्ती तर सुजाताने आधीच पिशवीत घातली होती. ते फूल कुठे ठेवावं ते त्यांना सुचत नव्हतं. मला त्यांचा रागही आला आणि त्या क्षणी त्यांच्याकडे बघवेनासंही झालं.

"नीलाताई," त्या म्हणाल्या, "आता काही बिघाड राहिला नाही ना?"

"नाही काकू."

"कशाने होत होतं तेही सापडलं."

"हो."

"तिचा काही दोष नव्हता, हे मीसुद्धा म्हटलं तिला. सगळ्यांसमोर म्हटलं. ती म्हणाली, राग नाही." मग अगदी मनापासून, मी सांगेन अशा खात्रीने त्यांनी विचारलं, "मग जाते कशाला हो?"

मी मान खाली घालून केबल गुंडाळत राहिले. बाहेर रिक्षा येऊन थांबल्याचा आवाज आला.